सायलेन्सर बदलला म्हणून वॉरंटी जाते का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

"सायलेन्सर बाहेरचा टाकलाय, आता वॉरंटी विसरा." सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य ऐकलेले मोटरसायकलवाले आपल्याकडे भरपूर आहेत. बिघाड कशाचाही असो. स्पीडोमीटरच्या काचेत पाणी साचलेलं असो, फोर्कमधून ऑइल गळत असो किंवा सेल्फ चालत नसो, गाडीवर एक बाहेरचा पार्ट दिसला की उत्तर ठरलेलं. त्याला जोडूनच दुसरं वाक्य येतं: "आणि हे कायद्यातही बसत नाही, साहेब."

ही दोन वाक्यं एका दमात बोलली जातात म्हणून ती एकच आहेत असं वाटतं. पण वॉरंटी हा कंपनी आणि ग्राहक यांच्यातला करार आहे. गाडीत बदल करायला बंदी आहे ती मोटार वाहन कायद्याची. धूर आणि आवाजाचे नियम हा आणखी तिसरा विषय. तिन्ही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी जन्माला आले. त्यांची गल्लत झाली की नुकसान ग्राहकाचंच होतं, म्हणून ते सुटे करून पाहायला हवेत.

हा वाद पहिल्यांदा कायद्याच्या पातळीवर सोडवला गेला तो अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे, विशेषतः कॅलिफोर्नियात, इंजिनाची ताकद वाढवणारे सुटे पार्ट बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांचा मोठा धंदा उभा राहिला. कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट (धुराची नळी आणि सायलेन्सर), पिस्टन असं सगळं मिळायचं. १९६३ मध्ये या उत्पादकांनी 'सेमा' ही स्वतःची संघटनाही काढली. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांच्या हातात मात्र वॉरंटी होती. बारीक अक्षरांत अटी छापायच्या आणि क्लेम आला की त्यातली एखादी पुढे करायची, ही तक्रार तेव्हा फ्रिजपासून मोटारीपर्यंत सगळ्याच वस्तूंबद्दल होती.

त्यातून मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आला. सिनेटर वॉरन मॅग्नुसन आणि प्रतिनिधीगृहातले जॉन मॉस यांच्या नावाने तो ओळखला जातो. ४ जानेवारी १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यावर सही केली. त्यातलं एक कलम मोटरसायकलवाल्यांसाठी फार मोलाचं ठरलं. आमचाच ब्रँडेड पार्ट वापरा, आमच्याच दुकानातून सर्व्हिस करा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला घालता येत नाही. घालायचीच असेल तर तो पार्ट किंवा ती सर्व्हिस फुकट द्यावी लागते, किंवा दुसरा पार्ट लावून वस्तू नीट चालतच नाही हे फेडरल ट्रेड कमिशनला, म्हणजे एफटीसीला, पटवून खास सूट मिळवावी लागते.

याचा अर्थ काहीही बदला आणि तरी कंपनीने भरून द्यावं, असा नाही. बाहेरच्या पार्टमुळे किंवा चुकीच्या कामामुळे जे बिघडलं त्याचा खर्च कंपनी नाकारू शकते. फक्त त्यामुळेच बिघडलं हे तिने दाखवायला हवं. ज्या बिघाडाचा त्या पार्टशी संबंध नाही, त्याची जबाबदारी तिला झटकता येत नाही. पन्नास वर्षांनंतरही मला हा विचार अगदी रास्त वाटतो. प्रश्न "पार्ट बदलला का" हा नाही, "त्या पार्टमुळे बिघडलं का" हा आहे.

हा फरक प्रत्यक्ष गाडीवर कसा दिसतो ते पाहा. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण एका भागाला १४.७ भाग हवा लागते. मोकळा एक्झॉस्ट आणि जास्त हवा घेणारा एअर फिल्टर बसवला, पण पेट्रोलचं प्रमाण तसंच ठेवलं, तर मिश्रण 'लीन' होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येतो, स्पार्क प्लगचं टोक बदामी दिसायच्या ऐवजी पांढरं पडतं, इंजिन जास्त तापतं. असं बरेच दिवस चाललं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, पिस्टनच्या माथ्याला भोकसुद्धा पडू शकतं. असं पिस्टन घेऊन आलेल्या मालकाला कंपनीने नाही म्हटलं तर तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पण त्याच गाडीच्या मीटरमध्ये पाणी गेलं, तर त्याचा एक्झॉस्टशी काय संबंध?

कायदा झाला तरी कंपन्यांची सवय सहज गेली नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण हार्ले-डेव्हिडसनचं आहे, आणि ते जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. १९०३ पासूनची मिलवॉकीची ही कंपनी आपल्या गाड्यांसाठी पर्फॉर्मन्स पार्ट स्वतःच विकते. १९८० च्या दशकापासून 'स्क्रीमिन ईगल' नावाने तिची ही शाखा चालते. पहिली पायरी 'स्टेज वन': मोकळा एअर क्लीनर, मोकळा एक्झॉस्ट आणि त्याला जुळेल असं पेट्रोलचं नवं सेटिंग. गाड्यांना फ्युएल इंजेक्शन, म्हणजे संगणकाने मोजून पेट्रोल सोडण्याची पद्धत, आल्यावर हे सेटिंग करायला छोटं इलेक्ट्रॉनिक ट्यूनर आलं. ते गाडीला जोडायचं, ईसीयूमधला (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकातला) नकाशा, म्हणजे किती पेट्रोल कधी सोडायचं याचा तक्ता, बदलायचा, झालं. हे सगळं कंपनीच्याच डीलरकडे, कंपनीच्याच बिलावर.

ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए या ट्यूनरवरून कंपनीच्या मागे लागली. २००८ पासून असे सुमारे ३,४०,००० ट्यूनर विकले गेले होते, आणि त्यांच्यामुळे गाड्या प्रमाणित केलेल्या पातळीपेक्षा जास्त प्रदूषण करत होत्या, असा आरोप होता. कंपनीने तडजोड केली, १ कोटी २० लाख डॉलरचा दंड मान्य केला, ट्यूनरची विक्री थांबवली आणि डीलरकडे उरलेला साठा परत घेऊन नष्ट करायचं कबूल केलं.

सहा वर्षांनी, २३ जून २०२२ रोजी, एफटीसीने त्याच कंपनीवर अगदी वेगळ्या कारणासाठी कारवाई केली. बाहेरचे पार्ट वापरले किंवा बाहेर काम करून घेतलं तर वॉरंटी जाईल, असं कंपनी ग्राहकांना सांगत होती. वॉरंटीच्या सगळ्या अटी एका जागी न देता तपशिलासाठी डीलरकडे पाठवत होती, हाही ठपका होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश पक्का झाला. अधिकृत नसलेल्या दुकानात सर्व्हिस केल्याने वॉरंटी रद्द होत नाही, दुसऱ्या कंपनीचे पार्ट वापरल्यानेही होत नाही, असं वॉरंटीत स्पष्ट लिहायचं आणि ग्राहकांनाही कळवायचं, असा तो आदेश होता.

हे दोन्ही निर्णय शेजारी ठेवले की मूळ मुद्दा उघडा पडतो. २०१६ चा वाद हवेचा होता. तिथे कंपनीने विकलेला, वॉरंटीच्या दृष्टीने निर्धोक समजला जाणारा पार्टही बेकायदा ठरला. २०२२ चा वाद कराराचा होता. तिथे दुसऱ्याचा पार्ट बसवल्याने कंपनीचं वचन आपोआप संपत नाही, असं ठरलं. 'कंपनीचा म्हणजे कायदेशीर' आणि 'बाहेरचा म्हणजे वॉरंटी गेली', ही दोन्ही समीकरणं एकाच कंपनीच्या बाबतीत खोटी ठरली.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू होते. परवाना राजच्या काळात स्कूटर बुक करून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, तिथे वॉरंटीचा विचार कोण करणार? गाडी हातात आली की ती ओळखीच्या मेस्त्रीकडेच जायची. १९८० च्या दशकात एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने राजदूत ३५० आणि नंतर १९८५ मध्ये आरएक्स १०० आणली, आणि ताकद वाढवण्याचं वेड गल्लोगल्ली पसरलं. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारख्या झडपा नसतात, त्यामुळे सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याची भोकं, कानशीने आणि ग्राइंडरने घासून रुंद करायचे, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) एक-दोन नंबर मोठा टाकायचा, एवढ्यात गाडीचा स्वभाव पालटायचा. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत या कामाची परीक्षा व्हायची. पुण्या-कोल्हापुरातले जुने फिटर आजही प्लगचा रंग बघून जेट सांगतात, आणि ते ज्ञान कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळत नाही.

बदल घडला तो नव्या शतकात. १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझी आणि २००१ मध्ये बजाजची पल्सर आली, स्पर्धा वाढली आणि वॉरंटी हे विक्रीचं हत्यार बनलं. पुढे तर होंडाने बीएस६ (धुराच्या नव्या सरकारी मानकाच्या) गाड्यांना तीन वर्षं आणि पैसे भरून आणखी सात, अशी दहा वर्षांपर्यंत नेली. वॉरंटी जितकी लांब, तितकी ती गमावण्याची भीती मोठी.

त्याच काळात कार्ब्युरेटर गेला. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० ला फ्युएल इंजेक्शन दिलं, दोन वर्षांत मागे घेऊन पुन्हा कार्ब्युरेटर बसवला, पण दिशा ठरली होती. २०१२ मध्ये चाकणमध्ये बनलेली केटीएम २०० ड्यूक इंजेक्शन घेऊनच रस्त्यावर आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झालं आणि जवळजवळ सगळ्याच मोटरसायकली ईसीयूवर गेल्या. पूर्वी जेट बदलला तरी जुना परत टाकता यायचा, कोणाला पत्ता लागत नसे. ईसीयूमधला नकाशा बदलला तर डीलरच्या संगणकाला तो मूळचा नाही हे कळू शकतं. पिगीबॅक, म्हणजे ईसीयूचे संकेत बदलणारा बाहेरचा डबा, लावायला वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) कापला असेल तर ते डोळ्यांनाच दिसतं. आपल्याकडे क्लेम नाकारले जातात त्यांत ताकद वाढवण्यापेक्षा या कापलेल्या वायरींचा वाटा मोठा असावा, असं माझं निरीक्षण आहे. जोरदार हॉर्न किंवा जादा दिवे बसवताना एक जोड उघडा राहिला की सगळ्या इलेक्ट्रिकल कामाबद्दल कंपनी हात वर करून मोकळी होते, आणि त्या मर्यादेत तिचं म्हणणं खरंही असतं.

आता कायद्याची दुसरी बाजू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्र जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं आणि उच्च न्यायालयाने दिलेली मोकळीक रद्द केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय आवाजाची मर्यादा आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७, त्यावर ८०. पुण्यातल्या 'एआरएआय'सारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेत गाडी या सगळ्यासाठी तपासली जाते तेव्हा ती मूळ सायलेन्सरसकट तपासली जाते. तो काढला की ते प्रमाणपत्र त्या गाडीला लागू राहत नाही. पुणे आणि नागपूरचे पोलीस जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात तो यासाठी, आणि रात्री दवाखान्यासमोरून फटाके वाजवत जाणाऱ्या बुलेटचा त्रास ज्याने सोसलाय त्याला ती कारवाई पटतेच.

पण यातलं एकही कलम वॉरंटीबद्दल बोलत नाही. दंड सरकारला भरायचा असतो. त्या दंडामुळे कंपनीला खराब निघालेलं क्लच बेअरिंग बदलून न देण्याची मुभा मिळत नाही.

वॉरंटीबद्दल आपल्याकडे सर्वात स्पष्ट बोललं गेलं ते २५ ऑगस्ट २०१४ रोजी, भारतीय स्पर्धा आयोगाच्या आदेशात. होंडासह तीन कंपन्यांविरुद्धच्या तक्रारीतून सुरू झालेल्या त्या प्रकरणात १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला गेला. सुटे पार्ट खुल्या बाजारात मिळू न देणं हा मुख्य आरोप होता. पण आदेशात एक निर्देश असाही होता की, ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती रद्द करता येईल. १९७५ च्या अमेरिकी कायद्यातलाच विचार इथे पुन्हा आला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. आणि आदेशातल्या कंपन्या सगळ्या मोटारी बनवणाऱ्या होत्या, दुचाकीवाल्या त्यात नव्हत्या.

देशात दुचाकी मोटारींपेक्षा कितीतरी जास्त विकल्या जातात, तरी त्यांच्यासाठी असा स्पष्ट शब्दांतला आदेश नाही, ही उणीव मला फार खटकते. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्र आहे. कंपन्यांनी दुरुस्तीची आणि वॉरंटीची माहिती तिथे खुली करावी, ही अपेक्षा आहे. पण ते माहितीचं ठिकाण आहे, निवाड्याचं नाही.

निवाड्यासाठी उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९. एकतर्फी, जाचक अटींना त्यात 'अनुचित करार' म्हणून आव्हान देता येतं, आणि दोष नेमका कशामुळे हे नुसतं बघून ठरत नसेल तर ग्राहक आयोग कलम ३८ खाली वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यासाठी हातात कागद हवा. "बाहेरचा पार्ट आहे" एवढं तोंडी ऐकून परत यायचं नाही. कोणता पार्ट, त्याने कोणता बिघाड झाला आणि कसा झाला, हे जॉब कार्डवर लिहून सही-शिक्क्यासह मागायचं. काढलेला मूळ सायलेन्सर आणि एअर फिल्टर जपून ठेवायचे. ट्यूनिंग केलं असेल तर ज्याने केलं त्याचं बिल आणि सेटिंगची नोंद ठेवायची. लिहून द्यायला नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.