बिल्ड टूलच्या गळ्यात वरकामं पडली कशी

आज कुठलाही प्रोजेक्ट उघडा, रीडमीमध्ये (प्रोजेक्टसोबतच्या सूचनांच्या फाइलमध्ये) 'मेक डिप्लॉय' नाहीतर 'एनपीएम रन सीड' असलं काहीतरी असतंच. आता डेटाबेसमध्ये डमी डेटा भरणं, जुने लॉग उडवणं, यात बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं, कुठे आलं? ही सगळी वरकामं. पण ती बिल्ड टूलकडेच का जातात हे कळायला पार १९७६ पर्यंत मागे जावं लागतं.

बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन ('याक' हे पार्सर बनवणारं टूल लिहिणारा तोच) तणतणत स्टुअर्ट फेल्डमनच्या ऑफिसात आला, कारण त्याची अख्खी सकाळ असा बग शोधण्यात गेली होती जो त्याने आधीच दुरुस्त केला होता, फक्त ती फाइल परत कंपाइल करायची, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करायचं, राहिलेलं. फेल्डमनची आदली संध्याकाळ पण अशाच भानगडीत गेली होती, मग त्याने वीकेंडला बसून 'मेक' लिहिलं. हिशोब सोपा: टार्गेट म्हणजे बनवायची फाइल, आणि ती ज्यावर अवलंबून आहे ती फाइल तिच्यापेक्षा नवी असेल तरच खालची कमांड चालवायची.

पण यात एक पळवाट होती. टार्गेटच्या नावाची फाइल कधी तयारच झाली नाही तर मेक ती कमांड दरवेळी चालवणार! बिल्डमध्ये तयार झालेल्या फाइली पुसणारं 'मेक क्लीन' हे त्यातूनच आलं. निव्वळ जुगाड आहे, आणि जुगाड म्हटलं की तो कधीतरी अंगाशी येतोच. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये कुणीतरी 'टेस्ट' नावाचं फोल्डर बनवलं आणि दुसऱ्या दिवसापासून 'मेक टेस्ट' मारलं की उत्तर यायचं, 'टेस्ट अप टू डेट आहे'. टेस्ट एकही चालत नव्हती आणि आम्ही खूश. यावरचा उपाय म्हणजे 'डॉट फोनी', म्हणजे हे टार्गेट फाइल नाहीये, नुसतं नाव आहे असं मेकला सांगून टाकायचं. ग्नू मेकमध्ये (मेकची सगळ्यात जास्त वापरली जाणारी आवृत्ती) तो कधीचा आहे, पण पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या स्टँडर्डमध्ये आला २०२४ ला, म्हणजे मेक जन्मल्यावर ४८ वर्षांनी.

दुसरा खड्डा सीडीचा. एका ओळीत 'सीडी' करून फोल्डर बदलायचं आणि पुढच्या ओळीत कमांड द्यायची, ती चालते जुन्याच फोल्डरमध्ये, कारण मेक प्रत्येक ओळीला नवीन शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) उघडतो. यात न पडलेला माणूस मी तरी बघितला नाही.

जावावाल्यांनी वेगळी वाट धरली. २००० साली आलेल्या अँट या बिल्ड टूलमध्ये टार्गेट म्हणजे सरळ कामांची यादी, बाहेरची कमांड चालवायला 'एक्झेक' टास्क, म्हणजे वरकामांना दार उघडंच. मग २००५ मध्ये मेव्हन २ आलं आणि त्याने शिस्त लावली: कंपाइल, टेस्ट, पॅकेज, टप्पे ठरलेले, मधेच आपलं काहीतरी घुसवायचं तर प्लगइन (टूलला जोडायचा तुकडा) लिहा. लोक कसले ऐकतात, त्यांनी 'अँटरन' प्लगइन लावून मेव्हनच्या पोटात अँट चालवलं! त्यानंतरच्या ग्रेडल या टूलने मोकळीक परत दिली, पण तिथे कमांड चुकीच्या ब्लॉकमध्ये लिहिली की ती कॉन्फिगरेशनच्या वेळीच, म्हणजे कुठली कामं आहेत ते ठरवतानाच चालते, बऱ्याचदा तो टास्क मागितलेला नसतानाही.

सी, सी++ वाल्यांच्या सीमेक या टूलने मात्र गोष्ट स्वच्छ मांडली असं माझं मत. फाइल बनवणारी कमांड असेल तर 'अ‍ॅड कस्टम कमांड', नुसतं काम असेल तर 'अ‍ॅड कस्टम टार्गेट', जे कायम शिळंच धरलं जातं. मेकमध्ये जे गुपचूप चालायचं त्याला इथे दोन वेगळी नावं मिळाली.

जावास्क्रिप्टमध्ये ग्रंट, गल्प ही कामं चालवणारी टूल्स झाली, प्रत्येक टूलसाठी त्यांचं वेगळं प्लगइन शोधत बसायचं म्हणून लोक वैतागले आणि एनपीएमच्या (जावास्क्रिप्टची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) 'स्क्रिप्ट्स'कडे वळले. तिथे टार्गेट नाही, टाइमस्टँप (फाइल कधी बदलली त्याची वेळ) नाही, नुसतं नाव आणि त्यासमोर कमांड, वर प्रोजेक्टमध्ये इन्स्टॉल केलेली टूल्स आपोआप पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात ती फोल्डरांची यादी) येतात. जुलै २०१७ मध्ये पॅकेजमधली कमांड थेट चालवणारं 'एनपीएक्स' एनपीएमसोबत मिळू लागलं, मग एकदाच चालवायच्या कमांडसाठी नाव ठेवायचीही गरज उरली नाही.

आता 'जस्ट' नावाचं टूल आहे, त्याची फाइल दिसायला अगदी मेकफाइलसारखी (मेकच्या सूचना लिहितात ती फाइल), पण आपण बिल्ड टूल नाही, फक्त कमांड चालवतो असं ते सरळ सांगतं. फोनीची कटकट गेली. सीडीचा खड्डा मात्र तिथेही तसाच आहे, प्रत्येक ओळीला नवीन शेल.