वचनाचा दुष्काळ

ईश्वराची वाणी संदेष्ट्यांच्या मुखातून ऐकू येईनाशी झाली असता श्रद्धावंत समाजाला जाणवणारी आध्यात्मिक भूक. प्राचीन हिब्रू परंपरेतील एक संकल्पना. तिचा मूलाधार बायबलमधील संदेष्टा आमोस याच्या ग्रंथात (8:11-12) आहे. इ. स. पू. आठव्या शतकाच्या मध्यास, इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याच्या सुबत्तेच्या काळात, आमोसाने बजावले की येणारा दुष्काळ अन्नपाण्याचा नसून परमेश्वराची वचने ऐकण्याचा असेल. लोक समुद्रापासून समुद्रापर्यंत भटकतील, तरी ती त्यांना लाभणार नाहीत. बेथेलचा याजक अमस्या याने आमोसाला बोलण्यास मनाई केली होती (7:12-13), हे ध्यानात घेता हे मौन नाकारलेल्या वाणीचेच फळ ठरते. काही अभ्यासक मात्र बायबलमधील ‘अनुवाद’ (Deuteronomy) या ग्रंथाच्या 8:3 मधील अन्न व वचन यांच्या सांगडीकडे बोट दाखवून हा उतारा नंतरची भर मानतात.

या भुकेची तीव्रता शौल राजाच्या कथेत दिसते. स्वप्ने, उरीम (याजकांचे कौल घेण्याचे साधन) व संदेष्टे यांपैकी कशानेही उत्तर न मिळाल्याने, ज्या भूतविद्येवर त्याने स्वतः बंदी घातली होती तिच्याच आश्रयाला तो वेषांतर करून रात्री एन-दोर येथे गेला (1 शमुवेल 28).

संदेष्ट्यांची परंपरा केव्हा खंडित झाली, हा वादाचा विषय आहे. इ. स. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसीफस पर्शियाच्या अर्तहशश्त राजाच्या (इ. स. पू. 465-424) काळानंतर संदेष्ट्यांची अचूक परंपरा राहिली नाही असे म्हणतो, तर तोसेफ्ता या रब्बींच्या संकलनानुसार हाग्गय, जखऱ्या व मलाखी यांच्यानंतर पवित्र आत्मा इस्राएलातून निघून गेला आणि केवळ ‘बाथ कोल’ ही आकाशवाणी उरली. तथापि, खुद्द जोसीफसच यहूदा नावाच्या एसीन या यहुदी पंथाच्या अनुयायाच्या भविष्यकथनाची हकीकत देतो. यामुळे एकाच तारखेला वाणी थांबली असे मानण्यापेक्षा तिचा अधिकार टप्प्याटप्प्याने ओसरला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बेंजामिन सॉमर यांनी 1996 मध्ये मात्र वाणी खंडित झाली या जुन्या मताचे समर्थन केले आहे.

इ. स. पू. 164 च्या सुमारास जेरुसलेमचे मंदिर शुद्ध करताना मक्काब्यांना (यहुदी बंडाचे नेते) विटाळलेल्या होमवेदीच्या दगडांचे काय करावे हे ठरवता येईना. संदेष्टा येऊन सांगेपर्यंत ते मंदिराच्या टेकडीवर ठेवण्यात आले (1 मक्काबी 4:46). वाट पाहण्याची ही वृत्ती पुढे मलाखीच्या ग्रंथाच्या आधारे एलिया या संदेष्ट्याच्या पुनरागमनाशी जोडली गेली. कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजात ‘एलियाहू हन्नाबी’च्या (संदेष्टा एलियाच्या) नावे मलिदा अर्पण करण्याची प्रथा असून, अलिबागजवळील खंडाळा येथे त्याने दर्शन दिल्याची श्रद्धा आहे.