पावसाळी सहलीला निघण्याआधी: विमा कोणाला मिळतो, कागदपत्रं कोणती आणि दावा कुठे करायचा

परदेशी जायचं ठरलं की प्रवास विमा आपण काढतोच. शेंगेन व्हिसाला तर ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण दाखवल्याशिवाय अर्जच पुढे सरकत नाही. लोणावळा, माळशेज, आंबोली किंवा गणपतीला गावी जाताना मात्र घरात विम्याचा विषय निघत नाही. इथल्या इथे तर जायचंय, असं म्हणून आपण निघतो.

पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा त्याच्यासोबत दोन एसटी गाड्या गेल्या. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. या सगळ्या घरापासून काही तासांवरच्या जागा.

अशा प्रवासात उपयोगी पडणारी बरीच विमा संरक्षणं अगदी स्वस्त आहेत आणि काही तर तुमच्या नावावर आधीच चालू असतील. अडचण येते ती घरच्यांना त्यांची माहिती नसते म्हणून, किंवा अपघातानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत व्हायला हवे ते कागद होत नाहीत म्हणून. त्यामुळे पात्रतेइतकंच कागदांबद्दलही इथे सविस्तर लिहिलं आहे.

वर्षाला २० रुपये: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना

मे २०१५ मध्ये सुरू झालेली ही योजना. सुरुवातीला हप्ता १२ रुपये होता, १ जून २०२२ पासून तो २० रुपये झाला. वय १८ ते ७० आणि बँकेत किंवा पोस्टात बचत खातं, एवढीच पात्रता. वैद्यकीय तपासणी नाही. संयुक्त खातं असेल तर नवरा-बायको दोघांनाही स्वतंत्रपणे सहभागी होता येतं. खाती चार असली तरी संरक्षण एकाच खात्यातून मिळतं. दोन बँकांत २०-२० रुपये भरून रक्कम दुप्पट होत नाही.

अर्ज बँकेच्या शाखेत, पोस्टात किंवा नेटबँकिंगमधून करता येतो. एक पानी संमतीपत्र असतं. त्यात वारसदाराचं नाव, नातं आणि जन्मतारीख नीट भरा. वारसदार अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल तर पालकाचंही नाव लिहावं लागतं. खात्याला आधार जोडलेलं असावं. संरक्षणाचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप वळता होतो, म्हणून त्या दिवसांत खात्यात पैसे हवेत. वापरात नसलेल्या जुन्या पगार खात्याला योजना जोडलेली असेल तर शिल्लक नसल्यामुळे ती गुपचूप बंद पडते. पासबुकात या वर्षीची २० रुपयांची नोंद आहे का, हे आजच बघा. नसेल तर वर्षाच्या मध्येही सहभागी होता येतं. पैसे वळते झाल्यापासून संरक्षण सुरू होतं.

अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय गेला, तरी २ लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. बुडणं, दरड कोसळणं, सर्पदंश, रस्त्यावरचा अपघात हे सगळं यात बसतं. आत्महत्या बसत नाही.

या योजनेतून दवाखान्याचा खर्च मिळत नाही. धबधब्यावर घसरून पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली, महिनाभर घरी बसावं लागलं, तरी एक रुपयाही मिळणार नाही. आपला २० रुपयांचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना हे आधी सांगायला हवं.

दाव्याचं पाहू. समजा, सहलीत कोणी बुडालं. ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत हे घडलं तिथेच नोंद व्हायला हवी. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल हे दाव्याचे कणा असलेले कागद आहेत. दुःखाच्या भरात नातेवाईक शवविच्छेदनाला नको म्हणतात, मृतदेह थेट गावी न्यायची घाई करतात. ती घालमेल समजण्यासारखी आहे. पण सोबतच्या एखाद्या शांत माणसाने इथे खंबीर राहावं, कारण हे दोन कागद नंतर कुठूनही उभे करता येत नाहीत. सर्पदंश किंवा झाडावरून पडण्यासारख्या घटनेत रुग्णाला लगेच ज्या दवाखान्यात नेलं तिथल्या नोंदी पुरावा म्हणून चालतात. म्हणून केसपेपरवर 'सर्पदंश' किंवा 'उंचावरून पडून' असं कारण स्पष्ट लिहून घ्या.

मग वारसदाराने ज्या बँकेतून हप्ता गेला तिथे दाव्याचा फॉर्म भरायचा, शक्यतो अपघातापासून ३० दिवसांच्या आत. सोबत मृत्यू दाखला, पोलीस नोंद आणि पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वारसदाराचं ओळखपत्र आणि पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला धनादेश. अपंगत्व असेल तर मृत्यू दाखल्याऐवजी जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र. वारसदाराचं नावच दिलेलं नसेल तर वारस असल्याचा कायदेशीर दाखला आणावा लागतो आणि त्यात महिने जातात.

रेल्वेचे ४५ पैसे

आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तिकीट काढताना विम्याचा पर्याय येतो. प्रत्येक प्रवाशामागे ४५ पैसे, वर्ग कोणताही असो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आल्यास साडेसात लाखांपर्यंत, जखमी होऊन दवाखान्यात दाखल व्हावं लागल्यास २ लाखांपर्यंत आणि मृतदेह नेण्यासाठी १० हजार रुपये. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असायला हवं. खिडकीवर काढलेल्या तिकिटाला हा विमा नाही आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही नाही. एकदा पर्याय निवडला की त्या पीएनआरवरच्या सगळ्या पात्र प्रवाशांना तो लागू होतो.

तिकीट झाल्यावर विमा कंपनीकडून मोबाईलवर आणि ईमेलवर संदेश येतो. त्यातल्या दुव्यावर जाऊन वारसदाराचं नाव भरायचं असतं. बहुतेक जण तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकतात. गणपतीची तिकिटं दोन महिने आधी काढता ना, मग त्याच बैठकीत हेही उरका आणि संदेशाचा स्क्रीनशॉट घरातल्या ग्रुपवर टाका. दावा घटनेपासून चार महिन्यांत करायचा. रेल्वे प्रशासनाचा अपघाताचा अहवाल आणि तिकिटाचा तपशील यांशिवाय तो पुढे जात नाही.

याहून वेगळी अशी रेल्वे कायदा १९८९ खालची भरपाईही आहे. गाडीतून पडून मृत्यू झाला तर ८ लाख रुपयांसाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षात अर्ज करता येतो. मुंबई आणि नागपूरला त्याची खंडपीठं आहेत. वैध तिकीट किंवा पास एवढी मुख्य अट, त्यामुळे लोकलचा पास असलेल्यालाही हा हक्क आहे. नशेत असताना किंवा स्वतःच्या गुन्ह्यातून घडलेली घटना यात धरत नाहीत.

गाडी आणि पाणी

मोटार वाहन कायद्याने सक्तीचा असलेला विमा तृतीय पक्षाचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. ओढ्याला आलेल्या पाण्यात तुमची गाडी गेली किंवा घाटात तिच्यावर दरड पडली, तर त्याचे पैसे स्वतःच्या नुकसानीचा भाग असलेल्या सर्वसमावेशक पॉलिसीतूनच मिळतात.

त्यातही एक खाच आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी चालकाने पुन्हा चावी फिरवून सुरू करायचा प्रयत्न केला की पाणी इंजिनात ओढलं जातं आणि आतले भाग वाकतात. हे नुकसान पुराने नाही, गाडी सुरू केल्याने झालं असं म्हणून कंपनी दावा नाकारते. म्हणून गाडी पाण्यात थांबली की चावीला हात लावायचा नाही. माणसं बाहेर काढा, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो घ्या, कंपनीला कळवा आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्या. कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्या माणसाने) पाहण्याआधी दुरुस्ती सुरू करू देऊ नका. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसात नेहमी जाणाऱ्यांनी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावीच. सोबत लागतात ती आरसी, पॉलिसी, चालकाचा वैध परवाना, दाव्याचा फॉर्म आणि दुरुस्तीचा अंदाज.

गोव्यात दुचाकी भाड्याने घेताना नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीची पाटी काळी आणि आकडे पिवळे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर नाही म्हणा, कारण अपघात झाला तर खासगी गाडी भाड्याने दिली या मुद्द्यावर विमा अडतो आणि खर्च तुमच्या अंगावर येतो.

दवाखान्याचा खर्च

इथे आरोग्य विमा कामाला येतो. नव्या पॉलिसीत आजारांना पहिले ३० दिवस थांबावं लागतं, पण अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. तातडीने दाखल झाल्यावर साधारण २४ तासांत कंपनीला कळवायचं. विम्याच्या कार्डाचा फोटो सोबतच्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या, कारण जखमी माणसाचा फोन बहुधा पाण्यात गेलेला असतो. रस्ता अपघात असेल तर मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता होतात. त्याला कोणतीही पॉलिसी लागत नाही.

देशांतर्गत प्रवास विमा वेगळा घ्यायचा असेल तर तो निघण्याआधीच घ्यावा लागतो. अपवादांचं पान आधी वाचा. रॅपलिंग, पॅराग्लायडिंग, कधी कधी ट्रेकिंगही त्यात वगळलेलं असतं. दारूच्या अमलाखाली झालेला अपघात तर जवळजवळ सगळीकडेच वगळलेला असतो. ट्रेक ग्रुपसोबत जात असाल तर आयोजकाकडे राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखालची नोंदणी आणि गटविम्याची प्रत मागा. मागायला संकोच वाटू देऊ नका. जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातलेल्या जागी जाऊन काही झालं तर दाव्यात वादाला जागा मिळते, हेही लक्षात असू द्या.

शेतकरी कुटुंब असेल तर

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना विसरू नका. वय १० ते ७५, सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि कुटुंबातला एक सदस्य. मृत्यू झाल्यास २ लाख. अपघात शेतातच व्हायला हवा अशी अट नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, सोबत सातबारा, वारस नोंदीसाठी सहा-क उतारा, वयाचा पुरावा आणि वर सांगितलेले पोलीस व वैद्यकीय कागद.

दावा नाकारला तर

नाकारल्याचं कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. त्यासाठी कंपनीच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत असते. शुल्क नाही, वकील लागत नाही. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, गोव्याचे लोक पुण्याकडे अर्ज करतात. विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीला पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र आणि आपण पाठवलेल्या अर्जाची पोच जोडायची. ती पोच बँकेत किंवा कार्यालयात कागद देतानाच तारीख आणि शिक्क्यासह घेतलेली असली पाहिजे.