ब्रेकवॉटरच्या काँक्रीट चिलखताची स्थिरता चाचणी

ब्रेकवॉटरच्या (लाटा अडवणाऱ्या बांधाच्या) समुद्राकडील उतारावर रचलेले टेट्रापॉडसारखे (चार पायांचे) काँक्रीटचे ठोकळे वादळात जागेवर टिकतील का, हे बांधकामापूर्वी लहान प्रतिकृतीवर पाहण्याची पद्धत. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) अशा चाचण्या होतात.

ठोकळ्याचे प्राथमिक वजन हडसनच्या सूत्राने काढतात. त्यात वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढते. लाट १० टक्क्यांनी मोठी निघाली तर ठोकळा ३३ टक्के जड लागतो. लाटांचा आवर्तकाल (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ) आणि वादळ किती वेळ चालले, हे मात्र सूत्रात येत नाही.

प्रतिकृती १:३६ असेल तर ५ मीटरची लाट सुमारे १४ सेंटिमीटरची आणि ३ तासांचे वादळ अर्ध्या तासाचे होते (वेळ ३६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ६ ने भागतात). १० टनी टेट्रापॉड ३६ च्या घनाने नुसता भागला तर २१४ ग्रॅमचा येतो, पण तो वापरू नये. टाकीतले पाणी गोडे असते, त्यात उत्प्लावन (पाण्याचा वर उचलणारा जोर) समुद्रापेक्षा कमी, त्यामुळे ठोकळा खोटाच पक्का ठरतो. काँक्रीटची घनता तीच ठेवल्यास वजन सुमारे १८८ ग्रॅम हवे. गाभ्याचे (बांधाच्या आतल्या भागाचे) दगडही हिशेबापेक्षा थोडे मोठे घेतात. अतिबारीक खडीतून पाणी पुरेसे वाहत नाही.

ठोकळे रंगीत पट्ट्यांत रचतात, म्हणजे कोणता कुठून हलला ते लगेच दिसते. रचनेची दाटी (दर चौरस मीटरमागची संख्या) प्रतिकृतीच्या प्रमाणाने प्रत्यक्ष कामाइतकीच हवी. हाताने नेटकी, दाट रचना केली तर निकाल चांगला येतो, पण क्रेनने पाण्याखाली तशी रचना साधत नाही. आधी लहान लाटांनी थर बसू देतात. मग संकल्पित (बांध ज्या लाटेसाठी आखला त्या लाटेच्या) उंचीच्या ६०, ८०, १०० आणि १२० टक्के लाटा, प्रत्येक टप्प्यात सुमारे १००० सोडतात. मध्ये डागडुजी करत नाहीत. कॅमेरा न हलवता आधीचे-नंतरचे फोटो घेऊन निसटलेले ठोकळे मोजतात. दुहेरी थरात ५ टक्क्यांपर्यंतची हानी हडसनच्या पद्धतीत ‘हानी नाही’ धरली जाते; ॲक्रोपोड या प्रकारच्या ठोकळ्यांच्या एकेरी थरात इतकी सूट देता येत नाही.

पायथा अनेकदा ओहोटीच्या पातळीला आधी सरकतो आणि वरचा उतार त्यामागे घसरतो. म्हणून भरती आणि ओहोटी, दोन्ही पातळ्यांवर चाचणी घ्यावी.

जागच्या जागी डुलणारे ठोकळे वेगळे मोजणे फार महत्त्वाचे. प्रतिकृतीतला ठोकळा आकाराच्या मानाने खूपच मजबूत असतो, तो डुलून तुटत नाही, खरा तुटतो. पोर्तुगालमधील सिनेस येथे फेब्रुवारी १९७८ च्या वादळात ४२ टनी डोलोस (काँक्रीट ठोकळ्याचा आणखी एक प्रकार) मोठ्या प्रमाणावर मोडले आणि ब्रेकवॉटर उद्ध्वस्त झाला.

बांधाच्या टोकाला लाटा वळसा घालतात. अरुंद टाकीत ते दिसत नाही. त्यासाठी रुंद कुंडात तिरप्या लाटांची चाचणी घेतात आणि टोकाला बहुधा अधिक जड ठोकळे ठेवावे लागतात.