कुडा लेणी पांडवांची नव्हेत

सोलापुरातून कोकणच्या सहलीला जाणारी मंडळी रायगड जिल्ह्यातील कुडा लेणी ‘पांडवांनी एका रात्रीत कोरली’ असे हमखास सांगतात. या समजुतीला कसलाही आधार नाही. सोलापूरच्या मातीखाली आहे तोच काळा बेसाल्ट राजपुरी खाडीकाठच्या या डोंगरात असून, तो आतून कोरल्यामुळे लेणी डोंगरापासून वेगळी भासत नाहीत. भिक्षूंचा निवास आणि ध्यान यांसाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे काम सुरू झाले. खोल्यांत दगडातच राखलेले झोपण्याचे ओटे आजही दिसतात. खर्च कोणी केला, हे तेथील ब्राह्मी शिलालेखच सांगतात: दात्यांमध्ये वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे आणि (पांडवप्रेमींनी क्षमा करावी) चक्क एक फुलमाळीही आहे.