गिअर मधूनच पडेनासा होतो? येण्याआधी कोड उडवू नका
(ऑटो गिअरच्या ट्रक-टिपर मालकांसाठी व ड्रायव्हरांसाठी, चिपळूण)

"घाटात गाडी आपोआप न्यूट्रलला गेली, डॅशवर गिअरचा दिवा लागला. बंद करून परत सेल्फ मारला तर काही झालंच नाही अशी चालायला लागली." पाऊस सुरू झाला की हे वाक्य आम्ही दर आठवड्याला ऐकतो. आमच्या वायरिंगच्या गॅरेजच्या दारात आल्यावर मात्र हीच गाडी सगळे गिअर मुकाट्याने टाकते, आणि मालक म्हणतात, दुपारपर्यंत सोडा, संध्याकाळी भाडं आहे. जो दोष समोर येतच नाही तो दुपारपर्यंत का सापडत नाही, हे समजावण्यात दर वेळी अर्धा तास जातो. म्हणून हा कागद.

ऑटो गिअरच्या गाडीत हातातला लिव्हर गिअर हलवत नाही, तो नुसता स्विच असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याचा निरोप वायरमधून कंट्रोल युनिटकडे जातो, युनिट सोलेनॉइडला (हवेचा व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल) करंट देतं, आणि पुढचं काम हवा करते. स्पीड सेन्सर, ब्रेक पेडलचा स्विच, गिअर कुठे आहे ते सांगणारे सेन्सर, यांतल्या एखाद्याचा निरोप क्षणभर जरी तुटला तरी युनिट गिअर टाकायला नकार देऊ शकतं. भलता गिअर पडण्यापेक्षा ते बरंच. (आधी डॅशवरची हवेच्या दाबाची सुई मात्र बघा. हवाच कमी असेल तर तो वायरिंगचा दोष नाही, त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.)

आता ज्या एका गोष्टीने तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, ती. गाडी रस्त्यात अडली की कुणीतरी स्कॅनर लावून कोड (युनिटने दोषाची ठेवलेली नोंद) उडवतो, म्हणजे पुसून टाकतो. तेवढ्यावर थांबत नाही, हाताला लागतील ते सगळे कपलर (वायरींचे जोड) काढतो, स्प्रे मारतो, परत बसवतो. गाडी चालते. वायरमन हुशार ठरतो. खरं तर कपलर ओढताना-दाबताना पिनवरची हिरवट भुकटी जराशी खरवडली गेली, एवढंच झालेलं असतं. दहा-पंधरा दिवस करंट नीट जातो, मग पुन्हा एखाद्या चढावर तेच. आणि आता आमच्या हातात काहीच उरलेलं नसतं: कोड नाही, आणि कुठला कपलर मुळात खराब होता तेही कळत नाही, कारण सगळेच सारखे पुसलेले.

कोड म्हणजे नुसता दिवा विझवायचं कारण नव्हे. त्याला दोन भाग असतात. पहिला आकडा कुठलं सर्किट ते सांगतो, दुसरा काय झालं ते सांगतो. दुसरा आकडा 5 असेल तर बहुधा सर्किट तुटलंय, 4 असेल तर व्होल्टेज कमी पडतंय किंवा वायर बॉडीला लागतेय, 2 असेल तर सिग्नल वेडावाकडा येतोय. शिवाय तो दोष किती वेळा आला याची मोजणीही युनिट ठेवतं. एकदा आलेला कोड आणि चाळीसदा आलेला कोड यांत जमीन-अस्मानाचा फरक. कोड उडवला की ही सगळी वही कोरी. तेव्हा मोबाईलने डॅशचा फोटो काढा आणि तसेच या. पाण्याचा प्रेशर मारून गाडी चकाचक करूनही आणू नका. चिखलातला माग आम्हाला हवा असतो.

मागच्या पावसात चिऱ्याचा एक टिपर आला. दुसरीकडे त्याचं कंट्रोल युनिटच बदलून झालं होतं, सगळे कपलर लख्ख. दोष तसाच. मीटर लावला तर सोलेनॉइडच्या वायरवर पूर्ण 24 व्होल्ट. मग तिथे 21 वॅटचा बल्ब लावला, तर तो मिणमिणला. केबिन टिल्ट होते त्या वळणावर ती वायर आतून तुटली होती, वरचं आवरण शाबूत आणि आत एकच तार शिल्लक, तीही गंजून जेमतेम टेकलेली. मीटर जवळपास करंट ओढतच नाही, म्हणून त्याला एक तारही पुरते. बल्ब जवळजवळ एक अँपिअर मागतो, तिथे तिचं पितळ उघडं पडतं. (ही बल्बची युक्ती सप्लायच्या वायरवरच. सेन्सरच्या, किंवा युनिट एकमेकांशी बोलतात त्या डेटाच्या पिळाच्या वायरवर बल्ब लावलात तर युनिट खरंच बदलावं लागेल.) त्या कामाला आम्हाला दोन दिवस लागले. कोड शाबूत असता तर अर्ध्या दिवसात झालं असतं.

आमच्या किनाऱ्यावर असे दोष जास्त, याचं नवल नको. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारी हवा. मासळीच्या गाड्यांच्या चासीवर बर्फाचं खारट पाणी सतत ठिबकतं. जुलै 2021 च्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी तर तारेच्या आतून हळूहळू पुढे सरकतं. कपलर बाहेरून कोरडा आणि हातभर आत तांबं काळं.

"तपासणीचे पैसे कशाला, काही बदललंच नाही तर?" हाही नेहमीचा प्रश्न. आम्ही वायरिंग हलवत-हलवत मीटर बघतो, अर्थचा, म्हणजे वायर बॉडीला जोडलेली असते त्या जोडाचा, व्होल्टेज ड्रॉप लोडवर मोजतो (0.2 व्होल्टच्या वर गेला तर अर्थ उघडून साफ करतो), बॅटरी बंद करून डेटा लाइनला 60 ओहम येतात का बघतो, आणि शेवटी भरलेली गाडी कुंभार्ली घाटात नेतो. रिकामी गाडी सपाटीवर कधी बोलत नाही. यात पार्ट लागत नाही, पण दिवस जातो, आणि तो दिवस एका नव्या युनिटपेक्षा फार स्वस्त पडतो. जुना पार्ट, तुटलेली वायर, जे काढू ते तुमच्या हातात देतो.

आणि शेठ, गाडीबरोबर ड्रायव्हर पाठवा. शिमग्याला गाडी आमच्याकडे उभी करून ड्रायव्हर गावाला पाठवायचा, हे सोयीचं असलं तरी दोष त्यानेच पाहिलेला असतो. कितव्या गिअरला, चढावर की उतारावर, इंजिन गरम होतं का, पाऊस होता का, हेडलाइट चालू होते का, हे फोनवर तुमच्याकडून नीट कळत नाही.

मासळीच्या गाड्यांनी जून-जुलैच्या बंदीत यावं, तेव्हा आमच्याकडे जागाही असते. बाकीच्यांसाठी गणपतीतले दिवस, हायवेवर अवजड गाड्यांना बंदी लागते तेव्हाचे. गाडी उभीच असते, तेवढ्यात केबिनखालचं वायरिंग आणि अर्थ बघून देतो. आधी फोन करून वार ठरवा. लोड असेल तर तो उतरवून येऊ नका.