वर्षात तिसऱ्यांदा गालफुगी? बहुधा खडा आहे

“डॉक्टर, परत गालफुगी आलीया.” चाळिशीतला माणूस वर्षात तिसऱ्यांदा हे सांगतो, तेव्हा मी कपाळाला हात लावतो. गालफुगी, म्हणजे गालगुंड, सगळ्यांना ठाऊक आहे: विषाणूचा आजार, ताप, कानाखाली सूज, आठवडा-दहा दिवसांत उतार. एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. मग तिसऱ्यांदा सूज आली तर ती बहुधा लाळेच्या खड्याची, म्हणजे लाळग्रंथीत किंवा तिच्या नळीत झालेल्या खड्याची.

लाळेच्या खड्याची खूण एकच विचारा: सूज ताटावर बसल्यावर येते का? तांबड्या रश्श्याचा पहिला भुरका मारला की जबड्याखाली सुपारीएवढी गाठ टरारते, ठणकते आणि जेवणानंतर तासा-दोन तासांत ओसरते. तोंडाला पाणी सुटतं, पण नळीत खडा अडकलेला, मग लाळ तुंबते. लोक फसतात ते इथं: लिंबू चोखलं की गालगुंडातही कळ येते. पण तिथं वाढते ती कळ. सूज दिवसरात्र तशीच असते. खड्यात सूजच ये-जा करते. (पू झाला की मात्र तीही मुक्कामाला राहते.) जागेवर फार विसंबू नका. सुमारे ८० टक्के खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात खरे, पण कानाजवळही होतात.

तपासायला आधी बोटं: एक जिभेखाली, एक बाहेरून. मग सोनोग्राफी. एक्स-रे कोरा आला म्हणजे खडा नाही, असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. सगळे खडे त्यात दिसत नाहीत. गेरूच्या लेपानं खडा विरघळत नाही, आणि अँटिबायोटिकच्या चौथ्या कोर्सनंही नाही.

जिभेखाली हाताला लागणारा खडा तोंडातूनच काढावा, ग्रंथी वाचवावी, या मताचा मी आहे. खडा मागं सटकू नये म्हणून त्याच्या मागं आधी टाका घेतात. पू झाला असेल तर पहिल्यांदा पू, खडा नंतर.

दुर्लक्ष झालं की विचित्र प्रकार घडतात. क्वचित खडा जिभेखालची त्वचा फोडून आपसूक बाहेर येतो. त्याहून क्वचित गळ्यावर छिद्र पडून वाहू लागतं, आणि घरचे टीबीची गाठ समजतात. तिथलं पाणी जेवताना वाढतं का, हे विचारलं की उलगडा होतो. अशा वेळी बहुधा ग्रंथी आणि छिद्राचा मार्ग एकत्र काढावा लागतो. चीर जबड्याच्या दोन बोटं खाली घेतात. वर घेतली तर खालच्या ओठाची नस दुखावून हसताना तोंड वाकडं दिसतं.